दार लावून म्हटलेली गाणी

१

गुलाम गातो त्या अर्थी तो सुखात आहे, असे अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवाले बिनदिक्कत सांगत असत. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीतून निसटलेले. त्यांनी १८४५ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले आणि त्यात हा समज मुळापासून खोडून काढला. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत जास्त दुःखी असताना. रडून मन जेवढे हलके होते तेवढेच त्याचे गाऊन होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. गाणे ऐकून ज्याला गुलामाचे सुख दिसले त्याला गाणे कळले नाही आणि गुलामही कळला नाही.

आपल्याकडे हे सांगण्याची गरज आहे, कारण आपल्याकडेही दलितांच्या कलेचे कौतुक करणारा एक वर्ग पूर्वीपासून आहे. लावणीवर तो डोलतो, हलगीवर ठेका धरतो, पोतराजाचे छायाचित्र काढतो, आणि या लोकांच्या रक्तातच कला आहे असा निर्वाळा देऊन घरी जातो. त्या कलेच्या मागे काय सोसणे आहे हे विचारायचे त्याला कारण पडत नाही. अलीकडे या कौतुकाला एक नवी जोड मिळाली आहे. दंगलीत, अत्याचारात, विस्थापनात होरपळलेल्या मुलांना संगीत शिकवावे, म्हणजे त्यांची मने सावरतात, असे आता शिक्षणतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. त्यात तथ्य आहे. पण कोणते संगीत, कोणी शिकवायचे, कोणापुढे गायचे आणि त्या गाण्यावर मालकी कोणाची, हे प्रश्न त्या उपदेशात बहुधा येत नाहीत. आणि नेमके या प्रश्नांच्या उत्तरावर ठरते की गाण्याने जखम भरते की पुन्हा उघडी पडते.

संगीतोपचार करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना अमेरिकेत १९५० साली स्थापन झाली. आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक विकाराला तिथल्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत यादीत स्वतंत्र नाव दिले ते १९८० साली. परंतु ज्यांच्यावर अडीचशे वर्षांचा आघात झाला होता अशा माणसांच्या एका शाळेत हा प्रयोग त्याच्या किती तरी आधी, कोणतेही शास्त्रीय नाव न घेता घडून गेला. तो प्रयोग पुरा यशस्वी झाला नाही आणि पुरा फसलाही नाही. म्हणूनच तो तपासून पाहण्यासारखा आहे.

२

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि सुमारे चाळीस लाख गुलाम कायद्याने मोकळे झाले. मोकळे झाले म्हणजे काय, तर मळा सुटला. पण जमीन नाही, घर नाही, पैसा नाही, अक्षर नाही. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. ९ जानेवारी १८६६ रोजी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे, युद्धात सैनिकी रुग्णालय म्हणून वापरलेल्या लाकडी बराकींत, मुक्त झालेल्यांसाठी एक शाळा सुरू झाली. अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही संस्था तिच्या मागे होती. मुक्त गुलामांच्या सरकारी खात्याचे टेनेसीतील अधिकारी जनरल क्लिंटन फिस्क यांचे नाव तिला देण्यात आले. नातवंडांच्या वयाची मुले आणि आजोबांच्या वयाची माणसे एकाच वेळी बाराखडी गिरवू लागली. पुढच्याच वर्षी तिचे विद्यापीठ म्हणून नोंदणीकरण झाले. विद्यापीठ हे नाव मोठे, पण छप्पर गळके, लाकूड कुजलेले आणि हिवाळ्यात पांघरूण अपुरे अशी स्थिती होती. नॅशव्हिलमध्ये जिथे माणसांची विक्री होई त्या कोंडवाड्यांतल्या गंजलेल्या बेड्या गोळा करून त्या भंगारात विकल्या आणि आलेल्या पैशांतून अंकलिपीची पुस्तके घेतली, अशी आठवण फिस्कच्या इतिहासात जपली गेली आहे. बेडीचे पुस्तक होणे ही काव्यातली कल्पना वाटते. तिथे ती जमाखर्चाची बाब होती.

बाहेरचे वातावरण कसे होते? शाळा सुरू होऊन चार महिने झाले नाहीत तोच मे १८६६ मध्ये त्याच राज्यातील मेम्फिस शहरात गोऱ्या जमावाने काळ्यांच्या वस्तीवर तीन दिवस हल्ले केले. शेहेचाळीस काळी माणसे मारली गेली, स्त्रियांवर बलात्कार झाले, काळ्यांच्या शाळा आणि चर्च जाळण्यात आली. कू क्लक्स क्लान ही कुप्रसिद्ध टोळीही याच टेनेसीत, पुलास्की गावी जन्मली. खेड्यांत शिकवायला जाणाऱ्या काळ्या शिक्षकांना मारहाण होई, त्यांच्या शाळांना आगी लावल्या जात. शाळा जाळणाऱ्यांना शिक्षणाचा अर्थ बरोबर कळलेला असतो. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

या शाळेत येणारी मुले काय घेऊन आली होती, तेही पाहू. एला शेपर्ड यांचा जन्म नॅशव्हिलचाच, १८५१ चा. त्यांची आई सारा मालकिणीच्या घरी गुलाम होती. लहानग्या एलाला आपल्यावरच पाळत ठेवायला मालकीण शिकवते आहे, हे लक्षात आल्यावर त्या माउलीने पोरीला कडेवर घेतले आणि दोघींचा शेवट करण्यासाठी नदीकडे धाव घेतली. वाटेत एका वृद्ध गुलाम स्त्रीने तिला अडवले, धीर दिला, माघारी आणले. पुढे वडिलांनी साडेतीनशे डॉलर मोजून मुलीला विकत घेतले. आईला विकायला मात्र मालकिणीने नकार दिला. बापाने पोटच्या पोरीला विकत घ्यायचे, ही त्या समाजव्यवस्थेतली वात्सल्याची रीत होती. थॉमस रटलिंग यांची पहिली आठवण आपल्या आईला विकून नेले त्या दिवसाची होती. बेंजामिन होम्स गुलामीत असतानाच चोरून वाचायला शिकले होते. चार्ल्स्टनच्या गुलामकोंडवाड्यात असताना त्यांनी लिंकनच्या मुक्तिजाहीरनाम्याचा मजकूर आपल्या सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

अशी ही मुले. त्यांना कोणी रुग्ण म्हटले नाही, तसे मानलेही नाही. ती विद्यार्थी होती. ही गोष्ट साधी दिसते, पण पुढच्या विवेचनात ती महत्त्वाची आहे.

३

फिस्कचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे गोरे गृहस्थ, लोहाराचे चिरंजीव आणि उत्तरेच्या सैन्यातून लढलेले. संगीताचे मोठे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. कान मात्र तयार होता. मुलांचे आवाज ऐकून त्यांनी समूहगानाचा वर्ग सुरू केला. त्यांना मदतीला मिळाल्या एला शेपर्ड. वडील कर्जामुळे सिनसिनाटीला गेले होते. तिथे एला पियानो शिकल्या. एका गोऱ्या शिक्षिकेने त्यांना बारा धडे दिले, पण अट अशी की कोणाला कळता कामा नये. मागच्या बाजूच्या खोलीत, रात्री नऊनंतर यायचे. विद्या दिली, पण पाठीमागच्या दाराने. वडील पटकीने गेल्यावर एलांनी खेड्यात शिक्षिकेची नोकरी केली आणि साठलेले सहा डॉलर घेऊन त्या फिस्कला आल्या. लवकरच त्या तिथल्या संगीताच्या साहाय्यक शिक्षिका झाल्या.

वर्गात शिकवले जाई ते युरोपीय धर्तीचे संगीत. बायबलातील एस्तरच्या कथेवरची संगीतरचना, उत्तरेत लोकप्रिय असलेली गीते, चर्चची स्तोत्रे. गुलामीतली गाणी, ज्यांना पुढे स्पिरिच्युअल म्हणून जगाने ओळखले, ती या वर्गात नव्हती. मुलांनाच ती नको होती. एला शेपर्ड यांनी पुढे लिहून ठेवले आहे की ही गाणी गुलामीशी आणि अंधाऱ्या भूतकाळाशी बांधलेली होती, विसरून जाण्याच्या गोष्टींपैकी होती. शिवाय ती आईबापांच्या उपासनेतली, पवित्र. चारचौघांत म्हणण्याची कल्पनाही सोसवत नव्हती. लाज आणि पावित्र्य ही दोन्ही एकाच गाण्याला चिकटलेली होती. जखमी समाजाच्या मनाचा हा गुंता ज्याला समजत नाही त्याने अशा मुलांना संगीत शिकवायला जाऊ नये.

या लाजेला इतिहास होता. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो येथे गुलामांनी उठाव केला, तो ढोल वाजवीत. त्यानंतर १७४० च्या कायद्याने गुलामांच्या ढोल वाजवण्यावर बंदी आली. ढोल हे संदेशाचे आणि बंडाचे साधन आहे हे मालकांनी ओळखले. एकीकडे स्वतःसाठी वाजवण्यावर बंदी आणि दुसरीकडे मालकासाठी वाजवण्याची सक्ती. सॉलोमन नॉर्थप या स्वतंत्र काळ्या माणसाला पळवून गुलाम म्हणून विकले होते. त्यांच्या १८५३ च्या आत्मकथनात न्यू ऑर्लिन्सच्या कोंडवाड्याचे वर्णन आहे. तिथे गिऱ्हाइकांपुढे माल तरतरीत दिसावा म्हणून गुलामांना नाचवीत आणि नॉर्थप यांना व्हायोलिन वाजवावे लागे. मायलेकरांची ताटातूट व्हायची त्याच जागी संगीत चालू असे. शिवाय तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करणारे गोरे विदूषक देशभर गल्ला भरत होतेच. ज्याच्या गाण्याची अशी विटंबना झालेली आहे तो गाणे लपवणारच.

आणि तरीही त्यांनी ती गाणी टाकून दिली नाहीत. शेपर्ड यांच्या आठवणीनुसार, शाळेतल्या एका खोलीत मुले जमत, दारे-खिडक्या लावून घेत, खुर्च्या पुरेशा नसत म्हणून जमिनीवर बसत आणि हळू आवाजात एकमेकांकडून ही गाणी शिकत. एकाला आईकडून आलेली, दुसऱ्याला मळ्यावरच्या म्हाताऱ्याकडून आलेली. कोणी शिक्षक नाही, कोणी श्रोता नाही. माझ्या मते फिस्कचा खरा संगीतवर्ग हाच. व्हाइट यांच्या वर्गाने आवाजाला शिस्त लावली, स्वरलिपी दिली, दहा गळे एका श्वासात कसे आणायचे ते शिकवले. हे ऋण मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या खोलीत दार लावून घेण्याचा अधिकार मुलांच्या हाती होता, तिथे त्यांनी आपल्या दुःखाला प्रथम हात लावला. ज्या माणसाला शरीरासह सगळेच विकले गेले होते, त्याला आपल्या मालकीची म्हणावी अशी ही पहिली वस्तू होती. तिच्याकडे मागे वळून पाहण्याचे बळ त्याला शाळेने दिले आणि सोबत्यांनी दिले. अनेक महिन्यांनी, हळूहळू, ती गाणी बाहेर काढायला मुले तयार झाली.

४

बाहेर काढण्याची वेळ कर्जाने आणली. १८७१ साली शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. व्हाइट यांनी निवडक मुले घेऊन उत्तरेत गाण्याचे कार्यक्रम करायचे ठरवले. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ गायक-गायिका नॅशव्हिलहून निघाल्या. त्यांतली बहुतेक गुलामीत जन्मलेली. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, खिशात परतीचे भाडे नाही. सिनसिनाटीत जी काही प्राप्ती झाली, पन्नास डॉलरच्या आतच, ती त्यांनी तेव्हाच शिकागोत लागलेल्या प्रचंड आगीतल्या आपद्‌ग्रस्तांना देऊन टाकली. स्वतः उपाशी असलेल्यांनी दिलेले हे दान. दयेचे पात्र म्हणून नव्हे, बरोबरीचे नागरिक म्हणून आपण उभे आहोत, हे त्यांनी पहिल्याच मुक्कामी सांगितले. गावोगावी हॉटेलांचे दरवाजे मात्र त्यांच्या तोंडावर बंद होत. ज्या गावात संध्याकाळी सभागृह टाळ्यांनी दणाणे त्याच गावात रात्री निजायला जागा मिळत नसे.

कोलंबस येथे या वृंदाला ‘जुबिली सिंगर्स’ हे नाव मिळाले. जुन्या करारात पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळे करण्याचा जो आदेश आहे, त्या वर्षाचे हे नाव. नोव्हेंबरात ओबर्लिन येथे धर्मोपदेशकांच्या राष्ट्रीय परिषदेत त्यांनी प्रथमच मोठ्या सभेपुढे आपले दार लावून म्हटलेले गाणे म्हटले. सभा स्तब्ध झाली. इथून कार्यक्रमाचा तोंडवळा बदलला. युरोपीय गीते मागे पडली आणि आईबापांची गाणी पुढे आली. डिसेंबरात ब्रुकलिन, मग वॉशिंग्टन. १८७२ च्या वसंतापर्यंत वीस हजार डॉलर जमले. त्याच वर्षी थिओडोर स्यूअर्ड यांनी या गाण्यांचे स्वरलेखन करून पुस्तक काढले. पुढे अनेक गाणी एला शेपर्ड यांच्या हातून कागदावर उतरली. १८७३ मध्ये वृंद इंग्लंडला गेला आणि मे महिन्यात राणी व्हिक्टोरियापुढे गायला. या दौऱ्यातून सुमारे पन्नास हजार डॉलर मिळाले. त्यातून नॅशव्हिलला जी इमारत उभी राहिली ती जुबिली हॉल. १ जानेवारी १८७६ रोजी तिचे उद्‌घाटन झाले. दक्षिणेत काळ्यांच्या उच्च शिक्षणासाठी बांधलेली ही पहिली पक्की इमारत मानली जाते.

इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. या मुलांच्या मनाला उभारी कशाने आली? नुसत्या सुरांनी आली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यांना काम होते, कामाला हेतू होता, हेतूचे फळ डोळ्यांनी दिसत होते. आईला विकले त्या दिवसाचे दुःख सांगणाऱ्या गाण्यातून धाकट्या भावंडांसाठी वसतिगृह उभे राहत होते. आजचे मानसशास्त्र सांगते की आघात माणसाला असहाय करतो आणि उपचाराचे पहिले काम म्हणजे ती असहायता घालवणे. फिस्कच्या मुलांनी ते पुस्तकात वाचले नव्हते. त्यांच्या बाबतीत संगीतशिक्षण हे शिक्षणच होते. स्वरलिपी, व्याकरण, भूगोल, हिशेब, नागरिकत्व या सगळ्यांच्या पंक्तीला बसलेले. म्हणून त्याचा उपयोग झाला.

५

परंतु या कथेची दुसरी बाजू दडवली तर आपणही त्या कौतुक करणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसू. सात वर्षे ही मुले अखंड भटकली. रोज संध्याकाळी आपल्या घराण्याचे दुःख गोऱ्या श्रोत्यांपुढे मांडायचे, सकाळी गाडी पकडायची, पुन्हा संध्याकाळी तेच. आवाज बसले, प्रकृती ढासळल्या. मुक्तिजाहीरनामा वाचून दाखवणारे बेंजामिन होम्स क्षयाने १८७५ साली वारले. व्हाइट यांची प्रकृतीही खालावली होती. ज्यांच्या गाण्यावर विद्यापीठ उभे राहत होते त्या मुलांचे स्वतःचे शिक्षण अर्धे राहिले. पहिल्या वृंदातील कोणाचाही पदवीचा अभ्यास त्या धावपळीत पुरा झाला नाही. शेवटी १८७८ साली जर्मनीच्या दौऱ्यात, हॅम्बुर्ग येथे, वृंद विसर्जित करण्यात आला. तोवर त्यांनी सुमारे दीड लाख डॉलर मिळवून दिले होते.

दार लावून म्हटलेले गाणे जखमेवर फुंकर घालते. तेच रोज तिकीट लावून म्हणावे लागले तर जखमेची खपली रोज निघते. गाणे तेच, गळा तोच. फरक पडतो तो कोणाच्या इच्छेने आणि कोणाच्या घड्याळाप्रमाणे गायचे यात. फिस्कच्या चालकांना पैशाची निकड होती, ती खरी होती आणि त्यांचा हेतू स्वच्छ होता. तरीही गायकांच्या शरीराचा हिशेब त्यांनी वेळेवर केला नाही. चांगल्या हेतूने चाललेल्या संस्थेतही असे घडते, हे लक्षात ठेवलेले बरे.

यानंतर जे झाले ते बोलके आहे. फ्रेडरिक लाउडिन हे ओहायोतले जन्मतः स्वतंत्र गृहस्थ. पगाराचा वाटा ज्या चर्चला देत त्याच चर्चच्या गायनवृंदात कातडीमुळे त्यांना प्रवेश नाकारला गेला होता. १८७५ मध्ये ते जुबिली सिंगर्समध्ये आले. पुढे त्यांनी वृंदाची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. १८८४ पासून सहा वर्षे त्यांनी आपला वृंद जगभर नेला. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान. आणि वाटेत हिंदुस्थानही. आता व्यवस्थापक काळा होता, हिशेब काळ्यांच्या हाती होता. एला शेपर्ड यांनी १८७८ नंतर नॅशव्हिलला परतून फिस्कजवळ घर घेतले आणि त्यात आपल्या आईला आणले. ज्या आईला विकायला मालकिणीने नकार दिला होता ती सारा आता मुलीच्या मालकीच्या घरात राहू लागली. संगीताने काय साधले याचे उत्तर मला राणीच्या दरबारापेक्षा या घरात अधिक सापडते. शेपर्ड १९१४ साली वारल्या. अखेरच्या वर्षांपर्यंत फिस्कच्या नव्या पिढ्यांना ही गाणी शिकवण्याच्या कामाशी त्यांचा संबंध होता.

डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस १८८५ ते १८८८ या काळात फिस्कमध्ये शिकले. गाण्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या त्या इमारतीच्या सान्निध्यात. १९०३ साली त्यांनी ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर या गाण्यांच्या स्वरलिपीचा एक तुकडा छापला आणि शेवटचे प्रकरण संपूर्णपणे या दुःखगीतांना दिले. मुलांनी दार लावून जपलेले गाणे तीस वर्षांनी एका समाजाच्या विचाराचे साधन झाले.

६

या इतिहासाशी आपले नाते ओढूनताणून जोडावे लागत नाही. जुबिली सिंगर्स लंडनमध्ये गात होते त्याच १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली द्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली; अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा असा विचार त्यामागे होता. द्यू बॉइस यांनी त्याला उत्तरही पाठवले. मराठवाड्यात डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याची चर्चा दलित साहित्याच्या चळवळीत आणली, आणि १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले.

मात्र साम्य पाहताना भेदही पाहिला पाहिजे. दक्षिण कॅरोलिनाच्या कायद्याने गुलामाच्या हातातून ढोल काढून घेतला. इथल्या धर्माने तो अस्पृश्याच्या गळ्यात अडकवला. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या निबंधात इंदूर संस्थानातील बलाई जातीवर सवर्णांनी लादलेल्या नियमांची यादी दिली आहे. ती १९२८ सालच्या वर्तमानपत्रातली. दागिने घालायचे नाहीत, जरीची पगडी बांधायची नाही, या नियमांच्या रांगेत एक नियम असा होता की हिंदूंच्या लग्नात आणि वरातीपुढे बलायांनी वाजवलेच पाहिजे. बलायांनी नकार दिला, तेव्हा त्यांचे पाणी तोडले, रस्ते बंद केले, आणि शेकडो कुटुंबांना परागंदा व्हावे लागले. म्हणजे आपल्या इतिहासात न वाजवणे हीसुद्धा मुक्तीची कृती आहे. ज्या बापाने हलगी खुंटीला टांगली आणि पोराच्या हाती पाटी दिली, त्याने संगीताशी वैर केले नाही. त्याने गुलामी टांगली.

म्हणूनच आपल्या मुलांना संगीत शिकवण्याचा प्रश्न नाजूक आहे. वाद्य टाकणे ही एक पायरी झाली. ते आपल्या अटीवर पुन्हा हाती घेणे ही दुसरी. सत्यशोधक जलशांनी आणि त्यांच्या पाठोपाठ भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी नेमके हे केले. तमाशाचा साचा घेतला, पण गण-गवळणीचा आशय पालटला. पाटलापुढे वाकून गाणारा माणूस आपल्या माणसांपुढे ताठ उभा राहून गाऊ लागला. वामनदादा कर्डकांचे गाणे वस्तीवस्तीत पोचले ते त्यामुळे. अक्षर नसलेल्या आईबहिणींना इतिहास कळला तो या गाण्यांतून. फिस्कच्या बंद खोलीत जे झाले तेच इथे उघड्या मैदानात झाले.

पण गाण्याकडून अशक्य ते मागू नये, हा धडाही इथलाच आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. इतरांच्या दुःखाला आयुष्यभर सूर देणाऱ्या माणसाला स्वतःचे दुःख पेलले नाही. गाणे होते, गळा होता. न्याय नव्हता, आणि शाहिराच्या मनाची विचारपूस करण्याची रीत चळवळीला नव्हती. त्या गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ साली. बारा वर्षे न्याय थांबला तर जखम गाण्याने भरेल कशी?

तेव्हा वसतिगृहांत, आश्रमशाळांत, अत्याचारग्रस्त वस्त्यांत संगीताचे वर्ग काढू पाहणाऱ्या शिक्षक-कार्यकर्त्यांपुढे काही गोष्टी स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. मुलाला रुग्ण समजू नका, विद्यार्थी समजा. त्याला संगीत पुरे शिकवा, स्वरलेखनासकट शिकवा, अर्धेमुर्धे नको. त्याच्या घरचे गाणे त्याने आणले तर त्याचा मान राखा, न आणले तर ते मागू नका. त्या न आणण्याला कारण असते. पाहुणे आले, देणगीदार आले म्हणून त्याला उभे करून त्याच्या आईचे दुःख गायला लावू नका. गाण्यातून पैसा आला तर त्याचा हिशेब गाणाऱ्याला दाखवा. पोरगे गाते आहे म्हणजे ते बरे झाले असे समजून त्याच्यावरच्या अत्याचाराचा खटला ढिला सोडू नका. आणि चळवळीचे गाणे गाणाऱ्याच्या घरी कार्यक्रम नसतानाही जात जा.

फिस्कच्या मुलांनी आपली गाणी जगाला दिली, पण आधी ती एकमेकांना दिली, जमिनीवर बसून, दार लावून. आपल्या मुलांनाही अशी एक खोली हवी. तिची व्यवस्था करणे आपले काम आहे. तिचे दार केव्हा उघडायचे हे त्यांना ठरवू द्यावे.